युनियन भाईच्या हातात गेली म्हणून राजीनामा देऊ नका

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग रात्री परत एकदा वाचलं. नाव, टोळी नंबर, गोदाम सगळं काढून टाकलंय, बाकीच्यांना प्रकरण कळावं म्हणून तेवढं थोडक्यात सांगतो.

हे भाऊ नागपूरजवळच्या वाडीकडे १४ वर्षांपासून माथाडी हमाल आहेत, माथाडी मंडळात नोंदणी आहे. जुने अध्यक्ष वारले आणि चार वर्षांआधी एक माणूस युनियनचा सरचिटणीस होऊन बसला, ज्याने आयुष्यात पोतं उचललं नाही आणि ज्याच्यावर मारहाणीच्या, खंडणीच्या केसेस आहेत. तेव्हापासून निवडणूक नाही, सभा नाही. पगार खात्यात पडला की त्या दिवशी गेटसमोरच्या पानठेल्यावर त्याचे पोट्टे बसतात, माणशी ५०० रुपये, पावती नाही. टोळीच्या हजेरीत नावं २८, पोती उचलणारे २२, म्हणजे २२ जणांच्या घामाचे २८ वाटे. भाऊंनी एकदा सगळ्यांसमोर हिशोब विचारला, दुसऱ्या दिवसापासून मुकादम म्हणायला लागला की आज तुमचं नाव नाही. आठवड्याभरात दोन पोट्टे मोटरसायकलवर घरी आले आणि वहिनींना दारात म्हणाले, भाऊला सांगा हिशोब आम्ही घेऊन राहिलो, त्यांनी नका घेऊ. सातवीतल्या मुलीने गाडीचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.

आता भाऊ विचारतात, राजीनामा देऊन मोकळा होऊ का, पोलिसात गेलो तर काम जाईल का, नवीन युनियन काढू का, याला मकोका लागेल का, आणि शेवटी लिहिलंय, आम्ही सगळे मिळून एकदा त्याला धरून हाणला तर.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण तेच मला जास्त सतावतंय. नाही. राग समजतो, आणि आपल्या नागपूरने २००४ साली अक्कू यादव या गुंडाचं प्रकरण पाहिलंय, वर्षानुवर्षं तक्रारी करून कुणी ऐकलं नाही म्हणून कस्तुरबा नगरच्या बाया थेट कोर्टात घुसल्या आणि तो तिथेच मारला गेला, पण त्यानंतर कोर्टाच्या तारखा कुणाच्या नशिबी आल्या तर त्याच वस्तीतल्या लोकांच्या, आणि त्या कित्येक वर्षं चालल्या. तुम्ही त्याला हात लावलात की त्या दिवसापासून फिर्यादी तो आणि आरोपी तुम्ही, आणि त्याच्याकडे वकील तुमच्याआधी पोचलेला असतो. तुमच्या हातात आज जे आहे ते सगळं त्या एका दुपारी जाईल.

आणि तुमच्या हातात बरंच आहे, हेच मला सांगायचंय. तो माणूस युनियन चालवतोय म्हणून युनियन त्याची होत नाही. कागदावर ती सभासदांची आहे, आणि त्याची सगळी ताकद यावर उभी आहे की कागद कुणी मागत नाही.

म्हणून राजीनामा अजिबात नको. मी एक केस पाहिलीय, माणूस तुमच्यासारखाच सरळ, रागाच्या भरात राजीनामा लिहून तोंडावर मारून आला, आणि नंतर हिशोब मागायला गेलो तर समोरच्या वकिलाचं पहिलंच वाक्य होतं की साहेब हे सभासदच नाहीत, यांना विचारायचा अधिकार काय. १९२६ च्या ट्रेड युनियन अॅक्टमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की हिशोबाची पुस्तकं आणि सभासदांची यादी कुठल्याही सभासदाला पाहता आली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतलीय, पण हा अधिकार काही गेला नाही, युनियनच्या घटनेत ती तरतूद असावीच लागते. वर्गणी भरत राहा, पावती मागा, देत नसेल तर मनिऑर्डरने किंवा युनियनच्या खात्यात भरा, पण सभासदत्व तुटू देऊ नका.

तो सरचिटणीस म्हणून बसू शकतो का, यावर खरं ते सांगतो, तुम्हाला आवडणार नाही. नुसत्या केसेस आहेत म्हणून तो अपात्र होत नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन कैद सुनावलेली असेल आणि सुटून ५ वर्षं झाली नसतील तरच तो पदावर बसू शकत नाही. पण त्याची दुसरी बाजू कच्ची आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर जुन्या कायद्यात कार्यकारिणीची मुदत ३ वर्षांपेक्षा जास्त ठेवताच येत नव्हती, हा चार वर्षं निवडणुकीशिवाय बसलाय, आणि मुळात तो आला कसा, कुठल्या सभेत, किती सह्या, युनियनची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी रजिस्ट्रारकडे पदाधिकारी बदलल्याची काय नोंद गेली, हे कुणीच पाहिलं नाही. माझा अनुभव सांगतो, अशा ठिकाणी सभेच्या इतिवृत्तावर मेलेल्या माणसांच्याही सह्या सापडतात.

ते पाहायचं कसं? युनियनच्या ऑफिसात जाऊन नाही. प्रत्येक नोंदणीकृत युनियनला दरवर्षी रजिस्ट्रारकडे तपासलेल्या हिशोबासकट विवरणपत्र द्यावं लागतं. म्हणजे त्याची कुंडली सरकारी कपाटात आहे, आणि नसेल तर विवरणपत्र दिलंच नाही हाच तुमचा पहिला मुद्दा. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, आपल्या महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, म्हणून दोन-तीन अर्ज वेगवेगळे करा, एकात घटनेची प्रत, एकात मागच्या ४ वर्षांची विवरणपत्रं, एकात पदाधिकाऱ्यांच्या बदलाच्या नोंदी. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. अर्ज तुमच्या नावाने नको, नात्यातल्या दुसऱ्या गावच्या कुणाच्याही नावाने चालतो, माहिती मागणारा सभासद असायची गरज नाही.

हे कागद हातात आले की निवडणुकीचा आणि कारभाराचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणासमोर नेता येतो, नव्या संहितेत सभासद विरुद्ध युनियन अशा वादाला तशी जागा ठेवलीय. कायदा सध्या जुन्यातून नव्यात चाललाय म्हणून अर्ज कुठल्या दारातून टाकायचा ते त्या त्या दिवशी तपासूनच टाकावं लागेल, वकिलाकडून हे नक्की विचारून घ्या. आपण मागायचं एकच, गुप्त मतदानाने निवडणूक. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरांची टीमस्टर्स नावाची अवाढव्य युनियन माफियाच्या खिशात होती, १९८८ ला सरकारने केस टाकली, १९८९ ला तडजोड झाली आणि तिथे मुख्य गोष्ट हीच ठरली की वरचे पदाधिकारी सभासद थेट गुप्त मतदानाने निवडतील, आधी ते अधिवेशनातले मूठभर प्रतिनिधी निवडायचे. १९९१ च्या पहिल्याच निवडणुकीत जुन्या गटाचे लोक हरले. हात वर करून मतदान घेतलं की पानठेल्यावरचे पोट्टे मोजत उभे असतात, चिठ्ठी पेटीत गेली की त्यांना काही दिसत नाही.

काम जाईल का, याचं उत्तर तुमच्याच कार्डावर आहे. १९६९ चा माथाडी कायदा आण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवला तो याच्यासाठीच की मालकाने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळाने हमालाच्या खात्यात टाकायची, मधे कुणाचा हात नको. तुमची नोंदणी मंडळाकडे आहे, युनियनकडे नाही. मुकादम तोंडी सांगून तुमचं काम बंद करू शकत नाही, कारवाई करायची तर मंडळाने नोटीस देऊन, तुमचं ऐकून करायची. म्हणून रोज गेटवर जा, नाव नाही म्हणाला की त्याच दिवशी मंडळात लेखी द्या, तारखेसकट, आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. त्या सहा नावांची तक्रारही तिथेच, इन्स्पेक्टरने हजेरीच्या वेळी येऊन माणसं मोजावीत अशी मागणी करा. मंडळावर कामगार प्रतिनिधी बसतात हे लक्षात ठेवा आणि तुमच्या तक्रारीची एक प्रत कामगार आयुक्तालयातही टाका, म्हणजे एका टेबलवर ती हरवली तरी दुसऱ्यावर राहील.

पोलिसांचं. धमकावून पैसे घेणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. ठाणेदार कदाचित नुसती धमकीची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, देऊन घरी पाठवेल, तेव्हा तिथेच सांगा की पैसे गेलेत, गुन्हा दखलपात्र आहे. नाहीच घेतलं तर तीच तक्रार लेखी पोलीस आयुक्तालयात, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे. पुरावा नाही असं तुम्ही लिहिलंय, पण त्याच पत्रात लिहिलंय की सुट्टे नसले की पोट्टे फोनपेवर घेतात. भाऊ, हाच पुरावा आहे! २२ जणांची बँक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा, दर महिन्याला पगार जमा, त्याच दिवशी ५०० एकाच नंबरवर, हे कुठल्या वर्गणीसारखं दिसतं? मोबाईलमध्ये कुणाचं बोलणं रेकॉर्ड असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, ग्रुपवर फिरवू नका, कोर्टात मूळ फोन लागू शकतो, आणि नक्कल दिली तर तिचं प्रमाणपत्र.

मकोका तुम्ही किंवा मी लावू शकत नाही. १९९९ च्या त्या कायद्यात गुंडांच्या टोळीवर मागच्या १० वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं असावी लागतात ज्यांची कोर्टाने दखल घेतलीय, वरून पोलीस उपमहानिरीक्षक (डीआयजी) दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी. लोक विचारतात एवढा मोठा गुंड, मकोका काहून लागत नाही. कारण लोकांनी एफआयआर दिलीच नाही, दिली ती मागे घेतली. तुमची ५०० रुपयांची तक्रार छोटी वाटते, पण उद्या कुणी अधिकारी फाईल लिहायला बसेल तेव्हा ती त्यातली एक ओळ असेल.

नवीन युनियन निघू शकते, किमान ७ जण आणि एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० जण यातलं जे कमी असेल तेवढे लागतात. पण मी म्हणेन आत्ता नको. जुन्या युनियनचा फंड, नाव, व्यापाऱ्यांशी झालेले करार सगळं त्याच्याकडे राहील आणि तुम्ही बाहेर उभे राहाल.

भीती खोटी नाही, मी तसं कधीच म्हणणार नाही. १९९१ ला भिलाईत कामगार नेते शंकर गुहा नियोगींना झोपेत गोळी घातली, १९९७ ला पवईत कामगार नेते दत्ता सामंतांना भररस्त्यात. म्हणूनच एकटे जाऊ नका. टोळीतले किमान १५ जण तयार झाल्याशिवाय टोळीच्या वतीने कुठलाही कागद द्यायचा नाही, आणि सह्या एकाखाली एक घेऊ नका, गोलात घ्या, नोंदणी क्रमांकासकट, म्हणजे पहिली सही कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. एफआयआर झाली की साक्षीदार संरक्षणासाठी वेगळा अर्ज द्या, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच ती योजना देशभर लागू केलीय, धोका किती आहे याचा पोलीस अहवाल मागवून जिल्हा न्यायाधीशांची समिती ठरवते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला आणि बाईमाणसाला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन केला तरी सांगतात.

वहिनींची तक्रार वेगळी द्यायची, त्यांच्याच तोंडची, कोण आलं, काय बोललं, दारात उभे होते की आत आले, किती वाजले होते. परत कुणी आलं तर आधी ११२, मग तुम्हाला फोन, कारण ११२ च्या फोनची वेळ नोंदली जाते. आणि ती वही. पान फाडून आणू नका, वही अख्खी राहू द्या, पुढची पानं, गृहपाठ, बाईंच्या सह्या-तारखा सगळं तसंच, त्यावरून तो नंबर केव्हा लिहिला ते कळतं. मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागू नये म्हणून मी होईल ते करीन, वहिनींनी तो नंबर स्वतः पाहिला असेल तर त्यांच्या जबाबात येऊ द्या. तिला शाळेसाठी दुसरी वही घेऊन द्या.