सिव्हिल इंजिनिअरने घराचा प्लॅन काढला तर तो बेकायदा ठरतो का? आर्किटेक्टांच्या कौन्सिलचा आणि इंजिनिअरांचा वाद नेमका कशावरून आहे?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात दीड गुंठ्यावर घर बांधायचंय, प्लॅन ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरने काढलाय आणि पाहुण्यांतले एक आर्किटेक्ट म्हणाले, "हे बेकायदा आहे, कौन्सिलकडे तक्रार गेली तर अडकाल." इंजिनिअर म्हणतो, सुप्रीम कोर्टाचा निकाल आमच्या बाजूने आहे. आता कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारताय.

प्लॅनपुरतं इंजिनिअरचं ऐका. महापालिकेचं लायसन्स असलेला इंजिनिअर त्याला दिलेल्या मर्यादेत घराचा प्लॅन काढू शकतो, त्यात बेकायदा काही नाही. मी स्वतः आर्किटेक्ट आहे, कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये माझं नाव आहे, वीस वर्षांहून जास्त काळ सोलापुरातच काम करते, आणि तरीही हेच सांगते. कारण लोकांना भीती घालून काम मिळवणं मला पटत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी बघा. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ सालचा. त्याच कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली, तिचं कार्यालय दिल्लीत आहे. या कायद्यात आर्किटेक्टची व्याख्या एका ओळीची आहे: ज्याचं नाव कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे तो आर्किटेक्ट. आणि कलम ३७ सांगतं की नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. पहिल्यांदा गुन्हा सिद्ध झाला तर पाचशे रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदी आहे ती नाव लावण्यावर. घराचा प्लॅन काढण्यावर नाही. विधेयक मांडतानाच सरकारने लिहून ठेवलं होतं की हा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो, इमारतीचं डिझाइन आणि देखरेख करण्याचा एकट्याचा हक्क देत नाही. इंजिनिअरांनी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवलं नाही तर त्यांचं नेहमीचं काम चालूच राहील.

सुप्रीम कोर्टाचा निकाल मार्च २०२० चा. दिल्लीजवळच्या नोएडाच्या विकास प्राधिकरणात 'असोसिएट आर्किटेक्ट' नावाचं पद होतं आणि कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्यांनाही त्या पदावर बढती मिळू शकेल असे नियम होते. त्याविरुद्ध कौन्सिल कोर्टात गेली. कोर्टाने म्हटलं की डिझाइनचं आणि देखरेखीचं काम नोंदणी नसलेल्याने करायला कलम ३७ आडवं येत नाही, पण अशा माणसाला 'आर्किटेक्ट' हे नाव असलेलं पद देता येणार नाही. म्हणजे काम करा, पाटी बदला. तुमचा इंजिनिअर निकालाचा पहिला भाग सांगतोय, दुसरा भागही त्याला माहीत असायला हवा.

आपल्याकडे व्यवहारात काय चालतं ते डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत आहे, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात ती. तिच्यात आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर असे वर्ग आहेत आणि कुणी कोणत्या कामापर्यंत सही करायची हेही दिलेलं आहे. बांधकाम परवाना विभागात जाऊन तुमच्या इंजिनिअरचं लायसन्स कोणत्या वर्गातलं आहे आणि चालू आहे का, एवढं विचारून या.

मग वाद का मिटत नाही? दोन्ही बाजूंना मनापासून दुखणारं काहीतरी आहे म्हणून. आर्किटेक्ट पाच वर्षं शिकतो ते उजेड, वारा, जागेची मापं, माणसं घरात कशी वावरतात, याचं शिक्षण. ते शिक्षण म्हणजे इंजिनिअरिंगची एक फांदी आहे असं कुणी म्हटलं की ते आमच्या मनाला लागतं. अगदी शिक्षणाच्या मंजुरीवरूनही हे भांडण झालंय, आणि ते आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रकरणातूनच सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की वास्तुकलेच्या शिक्षणाचे निकष एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, आणि कौन्सिल यांच्यात जुळत नसतील तर कौन्सिलचे धरायचे. आम्हाला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

इंजिनिअरांचं दुखणंही खरं आहे. त्यांच्यासाठी असा केंद्रीय कायदा आणि असं रजिस्टर नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० सालची, जुनी आणि मोठी संस्था आहे, पण तिचं सभासदत्व म्हणजे कायद्याने दिलेला परवाना नव्हे. इमारत पडली की पहिलं नाव इंजिनिअरचं येतं, आणि इमारतीला बक्षीस मिळालं की आर्किटेक्टचं. त्यांना वाटणारी चीड मी समजू शकते. एक गोष्ट मात्र बहुतेक इंजिनिअरांना ठाऊक नसते: कौन्सिलच्या रचनेतच इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सने पाठवलेल्या दोन सदस्यांची जागा आहे. १९७२ साली ज्यांनी कायदा केला त्यांना आर्किटेक्ट आणि इंजिनिअर एका टेबलावर बसायला हवे होते.

माझी पहिली नोकरी पूर्व भागातल्या एका सिव्हिल इंजिनिअरकडे होती. मी त्यांना सर म्हणायची, आजही म्हणते. त्यांच्या ऑफिसवर 'आर्किटेक्ट अँड इंजिनिअर' असा बोर्ड होता, त्या काळात गावात तसे कितीतरी बोर्ड होते. कौन्सिलची नोटीस आल्यावर त्यांनी पेंटरला बोलावलं. पेंटरने शिडीवर चढून पहिल्या शब्दावर पांढऱ्या रंगाचा हात मारला. उन्हाळ्यात रंग वाळला तेव्हा खालची निळी अक्षरं पुन्हा दिसायला लागली, मग दुसरा हात मारला. सर खाली उभे राहून बघत होते. म्हणाले, "नाव तुझं आहे, तू लाव. पण हे घर मी बांधलं नाही असं कुणी म्हणू नये." मला त्या वेळी काय बोलावं सुचलं नाही.

त्याच वर्षी आम्ही दोघांनी एक घर केलं. खाली यंत्रमाग, वर कुटुंब. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. माग चालू असला की धोटा सतत डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पळतो, त्या हिसक्याने अख्खी इमारत आडवी थरथरते. सरांनी मागांचा पाया इमारतीच्या कॉलमपासून पूर्ण सुटा केला, मधल्या फटीत वाळू भरली, कॉलमची रुंद बाजू हिसक्याच्या दिशेला फिरवली. मला यातलं काही येत नव्हतं. मी काय केलं तर जिना मागांच्या खोलीतून न नेता बाहेरून काढला, म्हणजे सुताचा तूस वर जाणार नाही. वरची झोपायची खोली मागांच्या डोक्यावरून हलवून कोठीघराच्या वर नेली. खालच्या खोलीला उत्तरेकडून वरच्या अंगाला खिडक्या दिल्या, म्हणजे दिवसा ट्यूब न लावता तुटलेला धागा दिसेल. घरच्या आजी दम्याच्या होत्या, त्यांची खोली कुठे असावी यावर मी आठवडा घालवला. सरांना आधी ते वेळ वाया घालवणं वाटलं होतं.

माग सुरू झाले त्या दिवशी आम्ही वरच्या स्वयंपाकघरात गेलो. सरांनी स्टीलचा पेला काठोकाठ पाण्याने भरून फरशीवर ठेवला आणि शेजारी उकिडवे बसले. पाण्यावर बारीक कडी उठत होती, काठापर्यंत जाऊन परत येत होती. पाणी सांडलं नाही. आजी पलीकडच्या खोलीत झोपल्या होत्या.

तेव्हापासून मला कुणी विचारलं की घर आर्किटेक्टचं की इंजिनिअरचं, तर मला तो पेलाही आठवतो आणि ती झोपलेली आजीही.

आता मला खरोखर ज्याचा राग येतो त्याबद्दल. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी गुंडाळी घेऊन येतं. "मॅडम, प्लॅन तयार हाय, निस्ती सही पायजे. किती घेताव सांगा की ओ." प्लॅन कुणी काढला, साईट कुठे आहे, माती कसली आहे, काही माहीत नाही, फक्त सही. मी नाही म्हणते, आणि चार दिवसांनी तोच प्लॅन दुसऱ्या कुणाच्या सहीने मंजूर झालेला असतो. सही देणारा कधी आर्किटेक्ट असतो, कधी इंजिनिअर. अशाच एका घराला मला दोन वर्षांनी बोलावलं होतं. प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, खोदाईचीच काळी माती परत भरलेली, पावसाळ्यात ती फुगली आणि उन्हाळ्यात आक्रसली, हॉलच्या फरशीला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा, आणि जिन्यात इतकी कमी उंची की घरातला मोठा मुलगा मान वाकवून चढत होता. कागदावर ज्यांची सही होती त्यांना घरमालकाने कधी पाहिलंही नव्हतं. कर्ज मात्र अजून पंधरा वर्षं फेडायचं होतं.

ही विकाऊ सही थांबवायला कौन्सिलने जोर लावावा असं मला वाटतं. तिला अधिकार आहे. गैरवर्तन सिद्ध झालं तर कलम ३० खाली ती आर्किटेक्टला ताकीद देऊ शकते, काही काळ काम बंद ठेवायला लावू शकते, नाव रजिस्टरमधून काढू शकते. बोर्डावरच्या शब्दासाठी जेवढ्या नोटिसा निघतात तेवढ्या या कारणासाठी निघाल्या तर सामान्य घरमालक कौन्सिलचं नाव प्रेमाने घेईल. आणि इंजिनिअरांसाठीही असा कायदा व्हावा, तो त्यांचा हक्क आहे असं मी मानते. आमच्या भागात तर ते अनुभवाने पटलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापुरात आम्ही सगळे रस्त्यावर येऊन बसलो होतो. तिकडे माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. माझ्या आजोळचं घर अगदी तसंच होतं. त्या घरांना कुणीही इंजिनिअर कधी भेटला नव्हता.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर इंजिनिअर बदलू नका. फक्त त्याच्याकडून प्लॅनबरोबर स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे पाया, कॉलम, बीम यांचं ड्रॉइंग, वेगळं मागा, त्यावर मजबुतीचा हिशेब करणाऱ्याचीच सही हवी. खोदाई सुरू व्हायच्या आधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचे खड्डे, घ्या आणि काळी माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो ते स्वतः खड्ड्याशी उभं राहून बघा. इंजिनिअरही तिथे हवा, मिस्त्रीवर सोडून चालणार नाही. प्लिंथमध्ये मुरूमच भरून घ्या, कितीही घाई असली तरी.

पैशांची ओढाताण नसेल तर प्लॅन मंजुरीला जाण्यापूर्वी एकदा एखाद्या आर्किटेक्टला दाखवा, निव्वळ सल्ल्याची फी देऊन. झोपायची खोली पश्चिमेला आली असेल तर आपल्या एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली राहते, आणि ते कागदावर असतानाच बदलता येतं. ज्यांच्याकडे जाल त्यांचा नोंदणी क्रमांक विचारा. तो 'सीए' पासून सुरू होतो, मग वर्ष, मग आकडा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतो. विचारल्याचा खऱ्या आर्किटेक्टला राग येत नाही. आणि दोघांपैकी कुणीही कामात हलगर्जी केली तर ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे, त्यासाठी फीची पावती आणि लेखी करार जपून ठेवा.

पाहुण्यांतल्या त्या आर्किटेक्टांशीही वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा की बेकायदा नेमकं कोणत्या कलमाने, आणि मग म्हणा, प्लॅनमध्ये काय सुधारू ते सांगा. इंजिनिअरच्या बोर्डावर 'आर्किटेक्ट' असं लिहिलेलं असेल तर मात्र त्याला स्वतःहून सांगा की काढून टाक. तक्रारीआधी ओळखीच्या माणसाने सांगितलेलं बरं असतं.

खड्डे घेतल्यावर मुरूम किती फुटांवर लागला ते इथेच खाली लिहा. सहा फुटांच्या आत लागला तर तुमच्या इंजिनिअरला फार विचार करावा लागणार नाही. त्याहून खोल गेला तर फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, ठरवण्याआधी मातीची तपासणी करून घ्या, तिचा अहवाल आल्यावर मला सांगा, मी बघून सांगते.