पंपिंग ७० टक्के, मग दोष कुठे?

प्रश्न : थोरल्या भावाच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची भिंत १९ मिलिमीटर जाड निघाली. डॉक्टर ‘एचसीएम’ (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार) म्हणाले, पण पंपिंग ७० टक्के आहे. वडील ४६व्या वर्षी झोपेतच गेले. माझा १६ वर्षांचा मुलगा तालमीत कुस्ती करतो. त्याला तपासायचं का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : हो, आणि तुम्हालाही. ७० टक्क्यांवर विसंबू नका. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडलं, एवढंच तो आकडा सांगतो. एचसीएममध्ये स्नायू जाड आणि ताठर, कप्पा लहान. मुळात रक्त मावतंच कमी, म्हणून टक्का झकास दिसतो. (कप्पा फुगून टक्का घसरतो तो हृदयस्नायूच्या आजाराचा वेगळा, ‘डायलेटेड’ प्रकार.)

एचसीएममध्ये बिघाड बहुधा एमवायबीपीसी३ किंवा एमवायएच७ या जनुकात असतो. दोनपैकी एक प्रत सदोष असली तरी पुरते, म्हणून प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के. मात्र एकाच घरात एकाची भिंत विशीत जाड होते, दुसऱ्याची साठीपर्यंत नाही. तेव्हा ‘मला तर काहीच होत नाही’ हा पुरावा नव्हे.

जनुक चाचणी आधी भावाची करा. रोगकारक बदल ठामपणे सापडला, तर तुमच्या रक्तात तेवढाच शोधायचा. तुमच्यात तो नसेल, तर मुलाकडे तुमच्याकडून जाणार नाही. भावाचा अहवाल निरंक किंवा ‘अर्थ अनिश्चित’ आला, तर तुमची रक्तचाचणी करून उपयोग नाही. इको आणि ईसीजीच करत राहायचं. वाढत्या वयात दर १-२ वर्षांनी, मोठेपणी ३-५ वर्षांनी.

मुलाचा इको मात्र या अहवालासाठी थांबवू नका. खरी गोम इथे आहे : मेहनतीनेही भिंत जाड होते, क्वचित १३-१४ मिलिमीटरपर्यंत. पण पैलवानी हृदयात कप्पाही मोठा होतो आणि तीनेक महिने मेहनत बंद ठेवली की जाडी उतरते. एचसीएममध्ये उतरत नाही. घरात रोग असेल तर प्रौढाला १३ मिलिमीटरही निदानाला पुरतात. मुलाचं माप अंगलटीच्या हिशोबाने, झेड-स्कोअरवर (तेवढ्या अंगलटीच्या सरासरीपेक्षा किती वेगळं, हे सांगणाऱ्या आकड्यावर) बघतात. जाड स्नायूमुळे रक्ताच्या वाटेत अडथळा येतो का, हे बघायला श्वास कोंडून जोर लावायला सांगून त्या अडथळ्याचा दाबही मोजून घ्या.

मुलाच्या इकोचा अहवाल येईपर्यंत आखाड्यातली लढत बंद. वजनी गटासाठी पाणी तोडणं तर अजिबात नको : अंगातलं पाणी घटलं की कप्पा आणखी आक्रसतो आणि रक्ताची वाट अडते. मेहनत करताना भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या.