ब्रेक गेलेली जुनी गाडी आणि घ्यायला तयार असलेला भाचा

प्रश्न : मी कराडला राहतो, निवृत्त शिक्षक आहे. ऑगस्ट २०११ मध्ये घेतलेली सात आसनी डिझेल एसयूव्ही अजून वापरतो. जानेवारीत ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं म्हणून इथल्याच एका गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडर आणि पुढचे पॅड बदलून घेतले. १८,५०० रुपये झाले. तीन आठवड्यांनी चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात ब्रेकच लागेना. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. कोणाला लागलं नाही. टो करून गाडी त्याच गॅरेजला आणली. आता ते म्हणतात, ‘काका, गाडीचं वय झालं, आमचा काय दोष?’ वर आणखी २२,००० मागतात आणि पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. विमा फक्त थर्ड पार्टी आहे. ऑगस्टमध्ये आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) संपते. बहिणीचा मुलगा ‘आहे तशी’ गाडी घ्यायला तयार आहे. गॅरेजवर केस होईल का? कंपनीवर? भाच्याला विकू का? गॅरेजवाल्याने मध्यस्थाकरवी निरोप दिलाय की १०,००० परत घ्या आणि ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या. देऊ का?

उत्तर : सर, घाटात दरीकडे न जाता डोंगराला गाडी लावायचं सुचलं, हे सगळ्यांत बरं झालं. तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत, पण त्या चारहींच्या आधी एक गोष्ट येते. कुंभार्लीपर्यंत तुमच्याकडे नुकतेच ब्रेक दुरुस्त केलेली जुनी गाडी होती. आज तुमच्याकडे जिचे ब्रेक जातात हे तुम्हाला ठाऊक आहे, अशी गाडी आहे. कायद्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गाड्या आहेत. वयाचा मुद्दा गॅरेजवाल्यापुरता ठेवा. न्यायालय विचारतं ते मालकाला काय माहीत होतं आणि त्यावर त्याने काय केलं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९० नेमकं याच मुद्द्यावर आहे. रस्त्यावरच्या लोकांना धोका होईल असा दोष गाडीत आहे हे माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं अशा वेळी, ती गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि दुसऱ्याला चालवू देणं हाही. दंड १,५०० रुपयांपर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा कोणाचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आकडे किरकोळ वाटतील. पण कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ पुढे येतं, आणि तिथे निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

‘अचानक ब्रेक फेल झाले हो’ हा बचाव अपघाताच्या दाव्यांत इतक्यांदा ऐकू येतो की न्यायाधीशांना तो पाठ असावा. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगून ठेवलंय की दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडला नसता, हे मालकाने दाखवायचं. जानेवारीच्या दुरुस्तीनंतर काही घडलं असतं तर तुम्ही ते दाखवू शकला असता, कारण हातात बिल होतं. आता नाही. म्हणून गाडी गॅरेजमधून निघेल ती फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर. ‘दोनच किलोमीटर, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू नेतो’ हे मुळीच करू नका.

थर्ड पार्टी विम्याचंही इथेच सांगतो. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा कोणी दगावलं तर भरपाईला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या चेपलेल्या पत्र्याचे पैसे मात्र या विम्यातून एक रुपयाही मिळणार नाहीत.

आता गॅरेज. पैसे घेऊन दुरुस्ती केली म्हणजे ती सेवा झाली, आणि सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. गाडी जवळजवळ १५ वर्षांची आहे म्हणून दुरुस्ती कशीही चालते, असं कायद्यात कुठेही नाही. उलट जुनी गाडी हातात घेताना मिस्त्रीने जास्त बघायला हवं. तुम्ही कराडचे, म्हणजे तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं.

तक्रार दाखल करणं सोपं आहे. सिद्ध करणं कठीण, आणि बहुतेक जण तिथेच अडतात. आयोगासमोर गॅरेजवाला काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो : ‘काकांनी सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरवला. ब्रेक तापले, ऑइल उकळलं. माझं काम चोख होतं.’ हा बचाव पोकळ नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं झालं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, लांब उतारावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पण त्याची एक खूण असते. ऑइल थंड झालं की पेडल बऱ्याच अंशी परत येतं. मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं असेल, बसवताना हवा राहिली असेल किंवा पाइपच्या जोडातून गळती असेल, तर नुसतं थंड होऊन पेडल सुधारत नाही. म्हणून आठवा. टो व्हॅन यायला तास-दोन तास गेले असतील. तेव्हा पेडल कसं होतं? बाटलीतलं ऑइल कमी झालं होतं का? चाकाच्या आतल्या बाजूला ओल होती का? सोबत जे होते त्यांनाही विचारा आणि हे सगळं आज तारीख घालून लिहून काढा. सहा महिन्यांनी आठवलेल्या गोष्टीला उलटतपासणीत किंमत राहत नाही.

समजा ऑइलच उकळलं होतं. तरी गॅरेज सुटत नाही. मास्टर सिलिंडर बदलताना ऑइल काढावंच लागतं. मग नवीन भरलं की जुनंच परत ओतलं? बिलात ब्रेक ऑइलची ओळ आहे का बघा. नसेल तर तो तुमच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम कागद ठरेल. असेल तर ऑइलचा प्रकार आणि भरल्याचं प्रमाण विचारा. बिल पक्कं नसेल, नुसती कच्ची पावती असेल, तरी घाबरू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जॉबकार्डचा फोटो, सगळं चालतं. मोबाइलमधल्या अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून ठेवा.

सगळ्यांत निकडीचं म्हणजे त्यांना गाडीला पुढे हात लावू देऊ नका. काढलेला सिलिंडर बदलला, ऑइल उपसलं की पुरावा गेला. आजच स्पीड पोस्टने पत्र पाठवा आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका. पत्रात लिहा की लेखी परवानगीशिवाय काम करू नये आणि जानेवारीपासून काढलेले सगळे पार्ट परत द्यावेत. मग एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून किंवा मोटार सर्व्हेअरकडून, ज्याचं त्या गॅरेजशी भांडण नाही आणि तुमच्याशी नातं नाही अशाकडून, तपासणीचा अहवाल घ्या. त्याला काही हजार जातील. अहवाल नसेल तर तुमचं आणि त्यांचं म्हणणं समोरासमोर राहतं, आणि तक्रार सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते.

गाडी अडवून ठेवायचा हक्क त्यांना आहे का? अर्धा आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ज्याने तुमच्या वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च केलं, तो त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण काम ठरलेलं आणि झालेलं असायला हवं. २२,००० हे नुसतं अंदाजपत्रक असेल तर गाडी रोखायला आधारच नाही. तुमच्या होकाराने काम केलं असेल तर आहे. मधली वाट म्हणजे पावतीवर ‘हरकत राखून रक्कम देत आहे’ असं लिहून पैसे भरा, गाडी काढा आणि तीच रक्कम तक्रारीत मागा. तत्त्वासाठी गाडी सहा महिने त्यांच्या अंगणात उन्हात ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. अगदीच ऐकत नसतील तर आयोगाकडे अंतरिम आदेश मागता येतो.

कंपनीवर मात्र जाऊ नका. वॉरंटी कधीच संपली, निर्मितीतला दोष तज्ज्ञाकडून सिद्ध करावा लागेल, आणि मधल्या १४ वर्षांत किती हातांनी ती गाडी उघडली ते कोण सांगणार? सक्तीच्या रीकॉलचे, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावून दुरुस्त करण्याचे नियम २०२१ मध्ये आले, पण ते उत्पादनापासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. एक काम फुकटात होण्यासारखं आहे. कंपन्या स्वतःहून जुन्या गाड्यांचेही रीकॉल काढतात. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. उष्ण, दमट हवेत त्यातलं रसायन खराब होऊन एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडत होते. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून तुमच्या गाडीचं काही राहिलंय का ते बघा. निघालं तर ते काम मोफत होतं.

आता भाचा. आपल्या करार कायद्यात १८७२ सालापासून एक आजारी घोडा उभा आहे. कलम १७ खालची उदाहरणं वाचा, मास्तरांना आवडतील. घोडा अधू आहे हे माहीत असूनही मालकाने लिलावात गप्प राहून विकला तर ती फसवणूक नाही. पण घेणारी नुकतीच सज्ञान झालेली त्याची स्वतःची मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य होतं. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन’, आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच. भाचा म्हणजे मुलगी नव्हे हे खरं, पण मामाच्या शब्दावर डोळे झाकून गाडी घेणारा माणूस या उदाहरणाच्या फार लांब नाही. त्यात पुन्हा इथे घोड्याच्या जागी ब्रेक आहेत. ‘आहे तशी’ हे दोन शब्द पत्र्याच्या गंजाला पुरतील, लपवलेल्या ब्रेकच्या दोषाला नाही. आणि कलम १९० मधलं ‘दुसऱ्याला चालवू देणं’ आहेच.

माझं मत विचाराल तर आज विकू नका. आधी ब्रेक पूर्ण दुरुस्त करून घ्या, तपासणीचा अहवाल घ्या, आणि मग विकायचीच असेल तर अहवालाची प्रत, कुंभार्लीची हकिकत आणि दुरुस्तीची बिलं विक्रीपत्राला जोडून त्यावर भाच्याची सही घ्या. घरातल्या व्यवहारात हे लिहून घेणं जड वाटतं, बहिणीला राग येईल. येऊ द्या.

नावावर करण्यात ढिलाई नको. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ‘तू कर सवडीने’ असं म्हणून चावी दिली की आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच राहता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. गाडी चार हात फिरली तरी नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० एकदमच भरा. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. नोंद बदलेपर्यंत चावी तुमच्याकडे राहू द्या.

आरसीचं सोपं आहे. दिल्लीतल्या बातम्या वाचून लोकांना वाटतं डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद. ती बंदी दिल्ली आणि लगतच्या राजधानी परिसरापुरती (एनसीआर) होती, महाराष्ट्रात तसं काही नाही. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरता येतो, म्हणजे तुमच्यासाठी जूनपासून. आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर आणि ५,००० रुपये नूतनीकरण फी भरायची, पाच वर्षं वाढवून मिळतात. मात्र रीपासिंग म्हणजे ब्रेकची हमी नव्हे. त्या दिवशी गाडी ठीक दिसली एवढंच ते सांगतं. ब्रेक, सस्पेन्शन, टायर आणि पासिंग मिळून खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला देऊन ठेव प्रमाणपत्र घ्या. नवी गाडी घेताना करात त्याची सवलत मिळते, आणि जुनी नोंद रद्द झाल्याने तुमचं नावही सुटतं. भंगारवाल्याला रोखीत देऊ नका.

राहिले १०,०००. आयोगात जिंकलात तर बिलाची रक्कम, टो करण्याचा खर्च, पत्र्याच्या कामाचा काही भाग आणि मनस्तापाचे थोडे पैसे मिळतील. दीड-दोन वर्षं जाऊ शकतात. म्हणून तडजोडीला माझा विरोध नाही, पण आकडा १८,५०० अधिक टो करण्याचा खर्च यापासून सुरू करा, २२,००० ची मागणी लेखी मागे घ्यायला सांगा, आणि काढलेले पार्ट ताब्यात आल्याशिवाय पुढे बोलू नका. पैसे आधी बँक खात्यात, सही नंतर. ‘तक्रार नाही’ एवढंच लिहून देऊ नका. लिहायचं असेल ते असं : ‘जानेवारीतल्या ब्रेक दुरुस्तीबाबतचा वाद अमुक रक्कम मिळाल्याने मिटला, ती दुरुस्ती योग्य होती असं मी मान्य करत नाही.’ दुसरं वाक्य खोडायला सांगतील. खोडू नका, कारण उद्या त्या दुरुस्तीवरून दुसऱ्या कोणी तुम्हाला प्रश्न विचारला तर तेच उपयोगी पडेल.