जवळ सुपरमार्केट आल्यावर किराणा दुकानदाराने माणसांचे पगार कमी करून भाव उतरवावेत का?

आपण विचारले आहे की, दुकानापासून एक किलोमीटरवर साखळी सुपरमार्केट सुरू होत आहे, आपल्याकडे सहा माणसे कामाला आहेत, तर त्यांचे पगार कमी करून भाव उतरवावेत का. उतरवू नका. हाच प्रश्न सात वर्षांपूर्वी सांगलीतल्या आमच्या दुकानात उभा राहिला होता आणि त्यावरून थोरल्या बंधूंचे व माझे जे बिनसले ते अजून पुरते मिटलेले नाही.

तेव्हा आमची महिन्याची विक्री ९ लाखांच्या आसपास होती आणि सहा जणांचे पगार मिळून ६६ हजार. दादांनी सरसकट दहा टक्के कपात केली, म्हणजे ६,६०० रुपये वाचले. हे सगळे भावात उतरवले तरी ४० रुपयांच्या साखरेत किलोमागे तीस पैशांचाही फरक पडत नव्हता. सुपरमार्केटची साखर तीन रुपयांनी स्वस्त होती.

आमच्याकडे बावीस वर्षे काम करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणत. महिन्याच्या यादीत कुणी ‘नेहमीचा तांदूळ’ एवढेच लिहिले, तरी त्या घरी आंबेमोहोर जातो की कोलम, जुना की नवा, हे त्यांना विचारावे लागत नसे. कपातीनंतर तिसऱ्या महिन्यात ते मिरजेतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे निघून गेले. त्यानंतरची पहिली यादी मी स्वतः भरली आणि जुना कोलम नेणाऱ्या घरी नवी इंद्रायणी पाठवली. पिशवी संध्याकाळी परत आली, ते घर मात्र पुन्हा आले नाही. पुढच्या चार महिन्यांत यादीची एकोणीस घरे तुटली. उधारीची वही माझ्याकडे असल्यामुळे हा आकडा अंदाजाचा नाही. सरासरी यादी ५ हजारांची धरली तर ९५ हजारांची विक्री गेली आणि दहा टक्के नफ्याने साडेनऊ हजारांची मिळकत. दादांचे म्हणणे असे की ती घरे सुपरमार्केटमुळे तुटली. पण त्यांतली चौदा घरे सुपरमार्केटात नव्हे, मागच्या गल्लीतल्या किराणा दुकानात गेली, आणि त्या चौदांचा हिशेब केला तरी तोटा वाचवलेल्या रकमेहून जास्तच निघतो.

मोठ्या दुकानांचा स्वस्तपणा मुळात पगारातून येतो, हा समजच चुकीचा आहे. डी-मार्टने २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढले तेव्हापासून त्यांचा भर शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेवर, भराभर खपणाऱ्या मोजक्या मालावर आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून चांगला दर मिळवण्यावर राहिला आहे. जागेचे आपल्या हाती नसले तरी बाकीच्या दोन गोष्टी आपल्यालाही जमतात: ठोक व्यापाऱ्याला रोख देऊन सूट मागा आणि तीन महिने न हललेला माल पुन्हा भरू नका. दादा नेहमी वॉलमार्टचा दाखला देत की जगातले सगळ्यात मोठे दुकान कमी पगारावर उभे राहिले. त्याच वॉलमार्टने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या कामगारांचे सुरुवातीचे वेतन तासाला ९ डॉलर केले आणि पुढच्या वर्षी बहुतेकांचे १० डॉलरवर नेले. त्या खर्चाने नफा घटेल असे सांगितल्यावर त्यांचा शेअर एका दिवसात सुमारे दहा टक्के पडला, तरीही वाढ मागे घेतली नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. किमान वेतन आपल्या दुकानालाही लागू आहे, त्याखाली जाण्याचा प्रश्नच येत नाही. आणि आपली विक्री मुख्यतः छापील किमतीच्या साबण-बिस्किटांची असेल, तर यादी ओळखणाऱ्या माणसाची किंमत आमच्याइतकी येणार नाही. अशा दुकानात एखादी जागा रिकामी झाल्यावर ती न भरणे मी समजू शकतो.

मामांना मी दोन वर्षांनी मिरजेहून परत आणले, पूर्वीपेक्षा तीन हजार जास्त देऊन. दादांनी या वाढीला संमती दिली नाही, त्यामुळे ते तीन हजार आजही दर महिन्याला माझ्या हिश्श्यातून वळते होतात. एकोणीसपैकी सहा घरांच्या याद्या पुन्हा आमच्याकडे येतात.