नऊ एमएमच्या गोळ्या घरी रीलोड करून खरंच पैसे वाचतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही टेक्सासमध्ये असता, नऊ एमएमचं पिस्तूल घेतलंय, महिन्याला चारेकशे राउंड उडतात, आणि रेंजवरचा एक मित्र म्हणतो घरी रीलोड कर, म्हणजे उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापर, निम्म्यात पडतं. तर एवढी उठाठेव करण्यात अर्थ आहे का.

निम्म्यात वगैरे काही पडत नाही हो. तुमचा मित्र बहुधा ४५ एसीपी (नऊ एमएमपेक्षा जाड आणि महाग काडतूस) मारत असणार, किंवा त्याने पावडर-प्रायमर जुन्या भावात भरून ठेवले असतील. मी फिनिक्सला असतो, आठ वर्षं झाली रीलोड करतोय, त्याआधी भोसरीत टूलरूमला होतो त्यामुळे हाताला असल्या कामाची सवय आहे, तरी पण नऊ एमएमसाठी मी कुणालाच पैशाच्या कारणाने हे कर असं सांगत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण काडतुसात चार वेगळ्या वस्तू असतात, पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, ठिणगी पाडणारा प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी बुलेट. दुकानात बुलेट मागितली तर नुसतं पुढचं टोक मिळतं. उडाल्यावर पुंगळी तेवढी शिल्लक राहते आणि चौघांत महाग तीच, म्हणून सगळा खेळ तिच्यावर चालतो. ती पुन्हा पुन्हा वापरता येते, नऊ एमएमची तर फाटण्याआधी हरवतेच, एकतर रेंजच्या खडीत नाहीतर शेजारच्या बूथवाल्याच्या बुटाखाली.

आता हिशोब. मी शेवटचा माल घेतला तेव्हा प्रायमर साधारण ७ सेंटला एक पडला. एका पाउंडात ७००० ग्रेन पावडर असते, नऊ एमएमला एका राउंडला चार-पाच ग्रेन लागते (हा आकडा फक्त हिशोबापुरता, भरताना पावडरच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्यायचा, माझा किंवा इंटरनेटवरच्या कुणाचा नाही), पाउंड ४० डॉलरला धरला तर पावडर तीन सेंटच्या आसपास. कोटेड बुलेट ९-१० सेंट. झाले १९-२० सेंट. आणि फॅक्टरीचा माल हजाराची पेटी घेतली तर २३-२४ सेंटला मिळतो. म्हणजे एका राउंडमागे चार सेंट, ४०० राउंडला महिन्याचे १६ डॉलर. एका माणसाचं इंडियन बुफे, टिप वेगळी.

त्यासाठी सामान काय लागतं ते बघा. माझ्याकडे डिलनचं ५५० प्रेस आहे, म्हणजे हँडल ओढून पुंगळ्या भरायचं यंत्र, कंपनी इथलीच स्कॉट्सडेलची. प्रेस, डाय सेट (त्यात बसवायचे साचे), टंबलर (पुंगळ्या साफ करायचं यंत्र), वजनकाटा, कॅलिपर, मॅन्युअल असं सगळं धरून हजाराच्या वर गेलं. महिन्याला १६ या वेगाने ते वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं. स्वस्तात सिंगल स्टेज प्रेसचा किट मिळतो, अडीचशे-तीनशेपर्यंत, पण त्याच्यावर एका वेळी एकच काम होतं, आधी सगळ्या पुंगळ्यांचे जुने प्रायमर काढा, मग डाय बदला, मग सगळ्यांचं तोंड मोठं करा, मग पुन्हा डाय बदला... तासाला पन्नास-साठ राउंड झाले तर खूप. चारशे राउंड म्हणजे तुमचा अख्खा रविवार गेला.

वेळेचं कुणी बोलतच नाही. यूट्यूबवर दाखवतात फटाफट हँडल ओढतायत, तासाला चारशे. हँडल ओढायला तासच लागतो, बरोबर आहे, पण त्याच्या आधी रेंजवर वाकून वाकून पुंगळ्या गोळा करा, घरी येऊन निवडा, त्यात ३८० या दुसऱ्याच काडतुसाच्या घुसलेल्या असतात, दिसायला अगदी तशाच पण दोन मिलिमीटर आखूड, काही अॅल्युमिनियमच्या, काही लोखंडी, काही मिलिटरीच्या ज्यांचा प्रायमर कडेने दाबून बसवलेला असतो, त्या प्रेसमध्ये गेल्या की नवीन प्रायमर आत जातच नाही आणि सगळं अडकतं. आई तांदूळ निवडायची ना ताटात पसरून, अगदी तसं काम आहे. मग धुवा, वाळवा. मला चारशेला सगळं मिळून तीन तास लागतात. १६ डॉलर भागिले तीन. ॲरिझोनात २०२५ चं किमान वेतन तासाला १४.७० डॉलर होतं, म्हणजे मी स्वतःला बर्गरवाल्या पोरापेक्षा कितीतरी कमी पगारावर ठेवलंय.

टंचाईत कामाला येतं असं पण सांगतात लोक. मी २०२० बघितलंय. तेव्हा सगळ्यात आधी शेल्फवरून काय गेलं असेल तर प्रायमर. त्याच जुलैमध्ये रेमिंग्टनची दिवाळखोरी झाली, आणि तीन सेंटचा प्रायमर दहा-पंधराला, काही ठिकाणी त्याच्यावर विकला जायला लागला. ज्याच्याकडे आधीच साठा होता तो आरामात होता, माझ्यासारखा महिन्याचं सामान महिन्याला आणणारा प्रेसकडे बघत बसला. मग साठाच करायचा असेल तर फॅक्टरीच्या चार पेट्या जास्तीच्या घेऊन ठेवा की, त्याला प्रेस कशाला.

मग मी का करतो? एक म्हणजे माझ्याकडे ३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आहे. तिथे गणित एकदम फिरतं. ३८ ची पन्नासची पेटी २५ डॉलरच्या घरात जाते आणि घरी भरून ती दहाला पडते. शिवाय रिव्हॉल्व्हर पुंगळ्या उडवत नाही, सिलिंडर उघडलं, दांडी दाबली की सहाच्या सहा तळहातावर, गरम गरम. वाकायचं नाही, निवडायचं नाही, सगळ्या आपल्याच. ४५ एसीपीला पण भरपूर वाचतात, फक्त त्यात काही कंपन्या छोटा प्रायमर वापरतात आणि काही मोठा, ते बघून वेगळं करावं लागतं. ४४ मॅग्नमवाले तर रीलोड केल्याशिवाय मनसोक्त मारूच शकत नाहीत, फॅक्टरीचा एकेक राउंड डॉलरच्या आसपास.

दुसरं कारण मॅचेस. यूएसपीएसए या अमेरिकेतल्या पिस्तूल स्पर्धांच्या संस्थेच्या नियमांत पॉवर फॅक्टर असतो, बुलेटचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट पर सेकंदमध्ये भागिले हजार, मायनर म्हणजे हलक्या राउंडच्या गटाला किमान १२५ पाहिजे. १४७ ग्रेनची जड बुलेट ९०० च्या वेगाने गेली तर १३२ येतो, नियमात बसतं आणि पिस्तूल हातात झटका न देता नुसतं ढकलल्यासारखं वाटतं. तसा मऊ राउंड दुकानात मिळतो पण महाग, आणि आपल्या पिस्तुलाला नेमका जुळेलच असं नाही. घरच्या गोडा मसाल्याचं कसं असतं, धणे किती भाजायचे ते आपल्या हातात. पण तुम्ही मॅचेसचं काही लिहिलेलं नाही म्हणून जास्त सांगत नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. पैसे सोडा, तुम्ही एक तास कंटाळवाणं काम फोन न बघता करू शकता का?

ऐका. माझं दुसरं वर्ष, शनिवार सकाळ. प्रेसवर बसलेलो. आमच्याकडे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेआठ, आईचं जेवण झालेलं असतं आणि तिचा व्हिडिओ कॉल येतो. उचलला. पाच मिनिटं तिच्या गुडघ्यावर बोललो, परत बसलो. आता ५५० ची गोष्ट अशी की खालची थाळी हाताने फिरवावी लागते, प्रत्येक वेळी हँडल ओढलं की एकदा फिरवायची. मी फोन घेण्याआधी फिरवली होती आणि परत आल्यावर पुन्हा फिरवली. एक पुंगळी पावडरच्या स्टेशनवरून तशीच पुढे गेली, कोरडी. वर बुलेट बसली, दिसायला बाकीच्यांसारखीच चकचकीत, डब्यात पडली.

पुढच्या आठवड्यात बेन एव्हरी रेंजवर छोटी मॅच होती. तिसऱ्या स्टेजला मधेच आवाज आला नुसता, पट्ट, फटाक्याची वात जळून विझावी तसा. स्लाइड मागे आलीच नाही. आणि घड्याळ चालू असताना हाताला एकच सवय असते, मॅगझिनला थाप मारायची, स्लाइड ओढायची, पुढचा राउंड. माझा हात स्लाइडवर गेला पण होता. मागून आरओ, म्हणजे स्टेजवर लक्ष ठेवणारा रेंज ऑफिसर ओरडला, स्टॉप! एवढ्या जोरात की शेजारच्या स्टेजवरचे लोक वळले. पिस्तूल मोकळं केलं, बॅरल काढली, पितळेची दांडी घातली तर अर्ध्यात अडली. नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये दीड-दोन इंच जाऊन बसली होती. तिच्या मागून मी दुसरी उडवली असती तर बॅरल फुगली असती, नशीब खराब असेल तर जास्त काही.

घरी येऊन बघतो तर त्या बॅचचे तीनशे राउंड शिल्लक. मला वाटलं वजन करून कोरडा राउंड ओळखू. नाही ओळखता येत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच चार-पाच ग्रेनचा फरक निघतो आणि पावडर तेवढीच. मग काय, हातोड्यासारखं एक हत्यार असतं, त्यात राउंड उलटा अडकवायचा आणि आपटायचा म्हणजे बुलेट निघून येते. तीनशे वेळा. दोन संध्याकाळी गॅरेजमध्ये ठक ठक ठक, बायकोने दार उघडून विचारलं, काय हे, पाटा-वरवंट्याला टाके घालतोयस का? त्या तीनशेत दुसरा एकही कोरडा निघाला नाही. पण डबल पण होऊ शकलं असतं ना, थाळी फिरवायची विसरलो असतो तर त्याच पुंगळीत दोनदा पावडर, आणि नऊ एमएममध्ये बऱ्याच पावडरी इतक्या कमी लागतात की दुप्पट टाकली तरी बाहेर सांडत नाही, कळत नाही. तेव्हापासून बुलेट ठेवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघतो, वर दिवा लावलाय त्यासाठी, आणि टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा.

बाकी बारीकसारीक. हात धुवायचे, आणि टेबलाशी काही खायचं-प्यायचं नाही, कारण बहुतेक प्रायमरमध्ये शिसं असतं आणि ते टंबलरच्या धुळीत येतं, लहान मुलं असतील तर हे काम किचनच्या आसपास नकोच. टेक्सासला पण उन्हाळा आहे तेव्हा पावडर गॅरेजमध्ये ठेवू नका, मी आमच्या आतल्या कपाटात हलवली आणि त्या बदल्यात बायकोच्या सूटकेसेस गॅरेजमध्ये गेल्या, हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. स्वतःपुरतं रीलोड करायला फेडरल लायसन्स लागत नाही पण मित्रांना विकायला लागलात की लागतं. बऱ्याच पिस्तूल कंपन्या रीलोडेड गोळ्यांनी काही झालं तर वॉरंटी मानत नाहीत. आणि घराच्या संरक्षणासाठी जे पिस्तूल ठेवलं असेल त्यात फॅक्टरीचाच राउंड ठेवा.

कमेंटमध्ये कुणीतरी भारतात करता येईल का विचारलंय. नाही. १९५९ चा आर्म्स अॅक्ट आहे, दारूगोळा तयार करायला वेगळं लायसन्स लागतं आणि पिस्तुलाचं लायसन्स म्हणजे ते नव्हे, तिथे वर्षाला किती राउंड घ्यायचे तेसुद्धा ठरलेलं. माझे एक मामा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, १८६९ पासूनची फॅक्टरी ती. त्यांना मी फोनवर सांगितलं की मी घरी काडतुसं भरतो, तर आधी ते हसले आणि मग गंभीर होऊन विचारलं, तपासतं कोण? मी म्हटलं मीच. ते म्हणाले, भरणारा आणि तपासणारा एकच?

तर तुमच्यासाठी: आत्ता काही विकत घेऊ नका. तीन महिने रेंजवरून आपल्या पुंगळ्या तेवढ्या गोळा करून बादलीत टाका, फुकटचं काम आहे. मग त्या मित्राला सांगा की एक दिवस तुझ्या प्रेसवर बसू दे, आणि शंभर राउंड भरा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. चाळीस मिनिटांनी चुळबुळ सुरू झाली तर बादली विकून टाका, घेणारे असतात. मजा आली आणि पुढे ३८ नाहीतर ४५ घ्यायचा विचार असेल तर जरूर या आमच्या लाइनमध्ये.

कधी फिनिक्सला आलात तर बेन एव्हरीला भेटू, शनिवारी चालेल, पण नऊनंतर. आठला आईचा फोन असतो.