दोन कुत्र्यांसह अमेरिकेत आरव्हीत (राहायची सोय असलेल्या गाडीत) कायमचं राहून वर्ककॅम्पिंग, म्हणजे कॅम्पग्राउंडसारख्या ठिकाणी जागेच्या किंवा पगाराच्या बदल्यात काम, करायचंय. आधी कशाची तयारी करावी?

तुम्ही ड्युटीवर असताना वीज गेली तर कुत्र्यांचं काय, याची आधी. सोलर न्‌ सजावट नंतर. ॲरिझोनात दोन हंगाम कॅम्पहोस्ट (कॅम्पग्राउंडची देखरेख करणारा) होतो, त्यावरून सांगतो. ब्रेकर उडाला की एसी बंद, आणि गाडीची बघता बघता भट्टी होते. वायफायवरचा थर्मामीटर नेमका तेव्हाच दगा देतो, कारण राउटरही त्याच विजेवर. स्वतःचं सिम आणि बॅटरी असलेला, फोनवर मेसेज धाडणारा तापमान-मॉनिटर घ्या. एक किल्ली शेजाऱ्याकडे द्या, पण आधी त्याची कुत्र्यांशी गट्टी जमू द्या, नाहीतर तो दार उघडणार नाही. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह, गीझर एकदम लावलेत तर ब्रेकर तुम्हीच उडवाल.

काम स्वीकारण्याआधी लेखी विचारा:
- किती कुत्री चालतात, कुठल्या जाती चालत नाहीत (पिटबुल, रॉटवायलरवर बऱ्याच ठिकाणी बंदी असते)
- पाळी किती तासांची, मध्ये घरी येता येतं का

नॉर्थ डकोटा-मिनेसोटातला ऑक्टोबरातला शुगर बीटच्या (साखरेसाठीच्या बीटच्या) काढणीचा हंगाम पैशाला बरा, पण १२-१२ तासांच्या पाळ्या. जोडीदारासोबत जाणार आणि दोघंही एकाच पाळीत असाल तर नकोच. रेबीजचा दाखला कागदावर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवा.

मात्र हे सगळं ग्रीनकार्ड, नागरिकत्व किंवा अमेरिकेत कुठेही काम करायचा परवाना असलेल्यांसाठी. एच-१बीवर (एका ठरावीक कंपनीतल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर फुकट जागेच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरलं जातं, त्या वाटेला जाऊ नका.