स्पोर्ट्स टॉक रेडिओवर लोकल शो ऐकावेत की नॅशनल? (न्यू जर्सीत नवीन आहे, ऑफिसला जायला तासभर ड्राइव्ह, एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आत्ता कुठे कळायला लागलंय)

लोकल. डोळे मिटून लोकल.

जर्सीत नेमके कुठे राहता ते लिहिलं नाहीत, आणि तिथे तेच महत्त्वाचं. उत्तरेला असाल तर न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन लावा, 660 एएम. दिवसरात्र फक्त खेळ हा प्रकार त्याच स्टेशनने 1987 मध्ये सुरू केला. खाली चेरी हिलच्या बाजूला असाल तर फिलाडेल्फियाचं डब्ल्यूआयपी, 94.1 एफएम.

मी डब्ल्यूआयपीवाली. 2003 च्या ऑगस्टमध्ये एच-4 वर (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा व्हिसा) फिलाडेल्फियाजवळच्या एक्स्टनला आले, नवरा दिवसभर ऑफिसात, मुलगा दीड वर्षाचा, बोलायला चिटपाखरू नाही. लायसन्स मिळाल्यावर जुन्या कोरोलात मुलाला झोपवायला फिरायचे आणि रेडिओ चालू ठेवायचे. तेव्हा ते 610 एएमवर होतं, विजेच्या तारांखालून गाडी गेली की नुसती खरखर. ईगल्स (फिलाडेल्फियाची टीम), डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली एक), यार्ड सगळं मी त्या लोकांच्या भांडणांतून शिकले, कोणी समजावून सांगितलं नाही.

2004 च्या जानेवारीत पॅकर्सविरुद्ध ईगल्सला चौथ्या, म्हणजे शेवटच्या डाउनला 26 यार्ड हवे होते, आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) मॅकनॅबने फ्रेडी मिचेलला 28 यार्डांचा पास दिला आणि ओव्हरटाइममध्ये ईगल्सने मॅच जिंकली, आणि पुढच्याच रविवारी घरच्या मैदानावर पँथर्सकडून 14-3 हार. लागोपाठ तिसऱ्या वर्षी सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम मॅचच्या, उंबरठ्यावरून परत. मंगळवारी सकाळी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून मी फोन लावला. 40 मिनिटं होल्डवर. मुलगा मागे झोपलेला, खिडक्यांवर वाफ धरलेली, फोन कानाला चिकटलेला. आधी फोन घेणारा पोरगा विचारतो, नाव काय, कुठून, एका वाक्यात सांगा काय बोलणार. मी म्हटलं, मॅकनॅबला शिव्या घालणं बंद करा आणि त्याला धड रिसीव्हर (पास झेलणारा) आणून द्या. ऑनएअर जेमतेम मिनिटभर मिळालं असेल, आवाज थरथरत होता, पण होस्टने मध्ये तोडलं नाही, दोन प्रश्न विचारले, आणि पुढचा कॉलर चक्क माझ्या मुद्द्यावर भांडायला लागला! पाच महिन्यांत या देशात माझ्या बोलण्याला कोणीतरी उत्तर दिलं होतं. मार्चमध्ये ईगल्सने टेरेल ओवेन्सला आणलं, तो नावाजलेला रिसीव्हरच.

हे मी धाकट्या दिरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, ती चावडीवरची बडबड काय ऐकता, ईएसपीएन रेडिओ ऐका, तिथे निदान अभ्यास करून बोलतात." हा वाद आमच्यात आजतागायत चालू आहे. भाऊजी, अभ्यास असेलही, पण त्या आठवड्यात तुमचं नॅशनल पुढे निघून गेलं होतं, पॅट्रियट्स आणि पँथर्स, कारण सुपर बोल त्यांचा होता. हरलेल्या गावाजवळ कोण बसणार? सुतकात शेजारीच येऊन बसतात. देशभर ऐकलं जायचं म्हटलं की विषयही देशभर चालणारेच लागतात, म्हणून डॅलसची टीम काउबॉइज हरोत की जिंकोत, बोलणं काउबॉइजवरच. 2018 च्या फेब्रुवारीत ईगल्सने पॅट्रियट्सना 41-33 ने हरवलं तेव्हा लोक डब्ल्यूआयपीला फोन करून वारलेल्या वडिलांबद्दल बोलत होते, रडत होते. ते ऐकायला नॅशनल शोकडे वेळ कुठला.

मग इतकी स्टेशनं नॅशनल का लावतात, तर पैसा. नेटवर्क बहुतेक वेळा कार्यक्रम फुकट किंवा अगदी स्वस्तात देतं, जाहिरातींच्या काही जागा स्वतःकडे ठेवतं, उरलेल्या स्टेशन विकतं. लोकल शोला होस्ट, प्रोड्यूसर, फोन घेणारा, सगळ्यांचे पगार. म्हणून मोठ्या शहरांतसुद्धा सकाळ-संध्याकाळ लोकल आणि रात्री कुठूनतरी आलेलं नॅशनल, असं बऱ्याच ठिकाणी असतं. दिरांच्या छोट्या गावातल्या स्टेशनने तर संध्याकाळचा एकुलता एक लोकल शोही बंद केला. माझा पुतण्या हायस्कूलच्या टीममध्ये होता, शुक्रवारी रात्री त्यांचे स्कोअर त्या शोमध्ये सांगायचे, ते गेलं. तेव्हा मात्र मला भाऊजींचा फोन आला होता, अर्धा तास चिडून बोलत होते.

एक मान्य करते, कारण ते दर वेळी हेच काढतात. 1999 च्या ड्राफ्टला (टीम कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) डब्ल्यूआयपीच्या सकाळच्या शोने फॅन्सना न्यूयॉर्कला नेलं होतं आणि मॅकनॅबचं नाव पुकारल्यावर त्या लोकांनी हुर्यो उडवली, त्यांना रिकी विल्यम्स हा दुसरा खेळाडू हवा होता. त्याच मॅकनॅबने टीमला पाच वेळा एनएफसीच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) फायनलला नेलं. लोकल रेडिओ आपल्याच माणसाशी इतका वाईट वागू शकतो, आणि मॅच हरल्यावर सोमवारी तीन तास तेच ऐकून डोकंही उठतं. आणि तुमची टीम दूरच्या शहरातली असेल तर माझं सगळं उत्तर सोडून द्या, नॅशनलच ऐका, इथे तुमच्या टीमचं नावही निघणार नाही.

नाहीतर फोन नंबर सेव्ह करून ठेवा, मॅच हरल्यावर सकाळी लवकर लावा, आणि काय बोलायचंय ते एक वाक्य आधी मनात पक्कं करा, होल्डवर वाट बघताना सगळं विसरायला होतं.